रायफलीला नंबर आहे, हाकेवाल्याला नाव नाही



मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका वाड्यातून मला निरोप आला. वाडा अकोट तालुक्यातला. गाव सांगत नाही, घराण्याचं नावही सांगत नाही. मला भांडण एका घराशी करायचं नाही. त्या वाड्याचा नातू माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, आजोबांची रायफल विकायची आहे. एक संग्राहक येऊन पाहून गेले. रायफल पसंत आहे, पण म्हणतात तिचा इतिहास लिहून द्या. कोणी घेतली, कुठं चालवली, किती वाघ मारले. इतिहास असला की किंमत वाढते. तुम्ही इतिहासाचं लिहिता. दोन पानं लिहून द्या, मानधन देऊ."

मी हो म्हणालो. पैशासाठी नाही. माझा आजा त्याच वाड्याच्या शिकारीत हाक्याला जायचा. ज्या रायफलीसमोर तो वाघ काढून द्यायचा ती रायफल मला एकदा डोळ्यांनी बघायची होती. लहानपणी आम्हाला त्या वाड्याच्या ओसरीपर्यंतच पाय ठेवता यायचा. दिवाणखान्यात मी पहिल्यांदा बसलो तो असा, रायफलीचा इतिहासकार म्हणून.

त्या दोन पानांचं हे असं झालं. ती वाड्यात न जाता तुमच्या हातात आलीत.

रायफल एका चामड्याच्या पेटीत होती. आत लाल मखमल. दुनळी रायफल, ४७० बोअरची, लंडनची. वजन पाच किलोच्या आसपास. संग्राहक दुसऱ्यांदा आले तेव्हा मी हजर होतो. माणूस जाणकार. त्यांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

अशी रायफल दुकानातून उचलून आणत नसत. ती अंगाला मापून करत. शिंपी जसा कोट बेततो तशी. गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, मानेची उंची, गालाचं हाड, खांद्याची रुंदी, सगळं मोजून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरायचा. मग दोन नळ्या जोडायच्या. दोन नळ्या शेजारी ठेवल्या म्हणजे दोन्ही गोळ्या एकाच जागी लागतात असं नाही. कारागीर बार काढून बघणार, नळ्यांच्या तोंडामधली पाचर सरकवणार, पुन्हा डाख देणार, पुन्हा बार काढणार. ठरलेल्या अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ पडेपर्यंत हे चालायचं. एकेका रायफलीला महिनोनमहिने लागत. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स ही त्या धंद्यातली मोठी नावं.

आणि प्रत्येक रायफलीला नंबर. तो नंबर बनवणाऱ्याच्या वहीत. कोणत्या साली केली, कोणाकरता केली, कोणता बोअर. शंभर वर्षांनंतर आज तुम्ही पत्र पाठवा, जुन्या वह्या जपणारी कंपनी उतारा देते. अमुक नंबर, अमुक साहेब, अमुक साल.

त्यांच्यात वाद झाला तो दुर्बिणीवरून. नातवाला वाटत होतं की रायफलीवर दुर्बीण बसवली तर गिऱ्हाईक खूष होईल. संग्राहक जवळजवळ ओरडलेच. "छिद्र पाडू नका! जुन्या पोलादाला एक छिद्र पाडलं की निम्मी किंमत गेली." दुर्बीण बसवायचीच तर मूळ कारागिरानं ठेवलेल्या खाचांत अडकणारी, काढता-घालता येणारी पकड हवी. आणि हाक्याच्या शिकारीत दुर्बिणीचं काम नसतंच. तिथं वाघ वीस-तीस हातांवरून जातो, नळीच्या टोकावरची माशी पुरते. दुर्बीण मोकळ्या रानातल्या काळविटासाठी, डोंगराच्या पल्याडच्या जनावरासाठी. भारी बोअरवर ती लावली आणि डोळा फार जवळ नेला तर धक्क्यानं भुवई फाटते. म्हणून डोळा आणि काच यांत तीन-चार इंचांचं अंतर राखतात.

एक छिद्र. पोलादाला एक छिद्र पडू नये म्हणून एवढी काळजी. मला आज्याच्या पाठीवरची चार छिद्रं आठवली. बिबट्याच्या नखांची. त्यांनी कोणाची किंमत कमी झाली नव्हती.

संग्राहकांनी सोबत आणलेली दुर्बीण मला बघायला दिली. खिडकीतून मी अंगणातल्या निंबाकडं धरली. निंबावरचा कावळा एकदम नाकासमोर आला. चोचीवरचा चिखलसुद्धा दिसला. पण अंगण गेलं. अंगण झाडणारी बाई गेली. कुंपण गेलं, रस्ता गेला, रस्त्यापल्याडची आमची वस्ती गेली. गोल काळ्या चौकटीत फक्त कावळा. मला वाटलं, वऱ्हाडातल्या शिकारीचा इतिहास असाच लिहिलेला आहे. मारणारा आणि मरणारा, दोघंच. बाकीचं रान अंधारात.

आता आपण दुर्बीण बाजूला ठेवून पाहू.

पहिली गोष्ट, ही बंदूक कोणाच्या हातात यायची आणि कोणाच्या हातात नाही, हे कोण ठरवत होतं?

१८५७ च्या बंडानंतर इंग्रज शहाणा झाला. देशी पलटणींना तो मुद्दाम एक पिढी मागची बंदूक द्यायचा. गोऱ्याच्या हाती नवी, काळ्याच्या हाती जुनी. मग १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. देशी माणसाला परवाना लागेल; युरोपियनाला सूट. म्हणजे एकाच जंगलात दोन माणसं उभी, एकाच्या खांद्यावरची बंदूक म्हणजे शौक, दुसऱ्याच्या खांद्यावरची म्हणजे गुन्हा. त्याआधी सात वर्षं, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. साहेबानं हरीण मारलं तर त्याला 'स्पोर्ट' म्हणायचं, पारध्यानं फासात धरलं तर चोरी. पोटासाठी मारणारा गुन्हेगार, भिंतीवर शिंगं टांगण्यासाठी मारणारा सभ्य गृहस्थ. १९५२ साली तो कायदा गेला, तरी पारध्याच्या कपाळावरचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

आता बोअरची गोष्ट ऐका. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ४५० म्हणजे ४५० बोअर. मोठ्या शिकारीत हा बोअर साहेबांचा लाडका होता. पण सरकारच्या फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री बंदूकही त्याच मापाची. सुदानात आणि हिंदुस्थानात त्या बंदुका बंडखोरांच्या हाती पडलेल्या. शिकाऱ्याच्या काडतुसाची गोळी बंडखोराच्या बंदुकीत जाईल ही भीती. म्हणून १९०७ साली सरकारनं या देशात ४५० बोअर आणायला बंदी केली. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी बंदीला वळसा घालणारे बोअर काढले, ४६५, ४७०, ४७५. वाड्यातली ती ४७० बोअरची देखणी रायफल याच भीतीच्या पोटची. संग्राहक तिला कारागिरीचा नमुना म्हणतात. आहेच. पण ती राज्यकर्त्याच्या भयाचंही माप आहे, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेलं.

पुढंही तेच. ३०३ हा सैन्याचा बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद. म्हणून नागरिकासाठी ३१५ बोअर वेगळा. आजही आपल्या सरकारी कारखान्यात ३१५ ची शिकारी रायफल बनते. इंग्रज गेला, त्याचं माप राहिलं.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या हाती बंदूक कधी नव्हतीच, असं कोणी म्हणालं तर ते खोटं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले. त्या खांबावर मेलेल्या ४९ शिपायांची नावं आहेत, त्यात 'नाक' लागलेली २२. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथं गेले. पण त्याच सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी वाटणी करून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ साली मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, आणि पाचच वर्षांत तिला मशीनगनची रेजिमेंट केलं. ज्या हाताला बंदूक पेलत नाही म्हणून सांगितलं, त्याच हाताला मशीनगन.

मधल्या काळात, १८९० पासून १९४१ पर्यंत, वऱ्हाडातल्या आमच्या माणसाच्या हातात रानात काय होतं? फुटका डबा, डफडं आणि बांबूची काठी.

वऱ्हाड निजामानं १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं दिलं, आणि १९०३ पासून ते मध्यप्रांताला जोडलं गेलं. चिखलदरा, गाविलगड, नरनाळा, मेळघाट, हे सारं साहेबाचं शिकारीचं रान झालं. रानाचे ब्लॉक पाडायचे, जंगलखात्याचा परवाना काढायचा, महिना-पंधरा दिवस ब्लॉक आपला. या मुलखावर साहेबांनी पुस्तकंही लिहिली. जंगलखात्याच्या डनबर ब्रँडरनं १९२३ साली मध्य हिंदुस्थानातल्या रानटी जनावरांवर लिहिलं. हैदराबाद कंटिन्जंटच्या बर्टननं १९२८ साली दख्खनच्या शिकारीवर लिहिलं. वाघाची सवय, सांबराचं शिंग, अस्वलाचा राग, सारं बारकाईनं नोंदलेलं. अशा पुस्तकांमधून माझ्यासारखा माणूस आपला आजा शोधायला जातो तेव्हा त्याला एक शब्द सापडतो: 'बीटर्स'. अनेकवचनी. नाव नाही.

हाका कसा चालायचा ते मला आज्यानं सांगितलं. रात्री जेवणं झाल्यावर बाजेवर पडून सांगायचा. चैत-वैशाखात शिकार. पानं गळालेली, नाले आटलेले, वाघ पाण्याच्या आसऱ्यानं राहतो. आधी हेला बांधायचा. सकाळी हेला मेलेला दिसला की वाघ जवळच झोपलाय हे ठरलं. मग गावात पाटलाचा माणूस. घरटी एक असामी. आमच्या वस्तीतून आणि डोंगरातल्या कोरकूंच्या ढाण्यांतून. साहेब आणि वाडेवाले नाल्याच्या तोंडाशी मचाणावर. दोन्ही बाजूंना झाडावर थांबे बसवायचे, वाघ बाजूला वळला तर त्यांनी खोडावर हळूच टकटक करायची. बाकी सारे अर्ध्या गोलात, मागून, पायी. डबे बडवत, ओरडत, वाघाला मचाणाकडं काढायचं.

"म्हणजे आबा, वाघ तुमच्या आणि बंदुकीच्या मधात?" मी विचारायचो.

"मधात कायचा, लेका. वाघ आमच्याकडं. बंदूक दूर. बंदूक झाडावर, आमी भुईवर. सायबाचा नेम चुकला त वाघ कोनाकडं पलटन? ज्याच्या हाती डबा हाये त्याच्याकडं."

नेम चुकला. एका साली बिबट्याच्या मागच्या पायाला गोळी लागली, तो पलटला आणि हाक्याची रांग फोडून निघाला. आज्याच्या पाठीवरून गेला. आज्याला बैलगाडीत टाकून अकोटला नेलं. वाड्यानं धोतरजोडी दिली आणि पाच रुपये दिले. बिबट्या दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच्यासोबत फोटो निघाला. तो फोटो अजून वाड्यात आहे, मी पाहिला. मधे खुर्चीवर साहेब, बाजूला वाडेवाले, पायाशी बिबट्या, त्याच्यावर आडवी टेकवलेली तीच रायफल. फोटोच्या उजव्या कडेला दोन काळे पाय आणि एक काठी. वरचं अंग चौकटीबाहेर. ते पाय आज्याचे नाहीत, आजा तेव्हा अकोटला पालथा पडला होता. ते कोणाचे पाय?

मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "असेल कोणी हाकेवाला."

हाक्याची मजुरी मिळायची का? कधी मिळायची. "दोन आने. पाटलाच्या हातून येयेपावतर एक आना व्हये." आणि नाही गेलं तर? आजा हसायचा. "नाई जाऊन कोठी जातं बे? गाव त्याहीचं, रान सरकारचं."

ही वेठ होती. शब्द जपून वापरतो. मजुरी दिली तरी वेठ ती वेठच, जिथं नाही म्हणायची सोय नसते. १९२७ साली नोव्हेंबरात अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिराचा सत्याग्रह पुढं आला. देवळाच्या दाराशी आपली माणसं नाही म्हणायला शिकत होती. पण रानात, मचाणाखाली, नाही म्हणायला अजून कोणी नव्हतं.

इथं मला कुमाऊँची एक गोष्ट सांगायची आहे. वऱ्हाडापासून फार दूर आहे, पण जगात गाजलेली शिकार तीच, आणि गाजलेल्या गोष्टीत आपली गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. १९०७ साली जिम कॉर्बेटनं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसं. ती मारण्यासाठी हाका केला गेला. तिथल्या तहसीलदारानं गावात सांगितलं की बिनपरवान्याच्या बंदुका घेऊन या, आज मी तिकडं डोळेझाक करीन, दारूगोळाही देईन. लोकांनी लपवलेल्या जुन्यापुराण्या बंदुका बाहेर काढल्या. हाक्याला माणसं आली २९८. हा आकडा कॉर्बेटनंच १९४४ सालच्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. तो गरिबांबद्दल आपुलकीनं लिहिणारा माणूस, हे कबूल केलं पाहिजे. पण २९८ हा आकडाच राहिला.

पुढं काय झालं? प्रांताच्या लाटसाहेबानं कॉर्बेटला रिग्बीची २७५ बोअरची रायफल बक्षीस दिली, तिच्यावर चांदीची पट्टी. तहसीलदाराला बंदूक मिळाली. कॉर्बेटसोबत गेलेल्या एका गावकऱ्याला सुरी मिळाली. गंमत बघा, ज्या रायफलीवर चांदीची पट्टी आहे तिनं ती वाघीण मारलेलीच नाही. ती बक्षीस म्हणून नंतर आली. शेवटचा बार तर तहसीलदाराकडून मागून घेतलेल्या बंदुकीचा. तरी आज ती पट्टीवाली रायफल जगातल्या संग्राहकांना देवाच्या ठिकाणी आहे. बनवणाऱ्या कंपनीनं अलीकडे ती परत मिळवली. तिचा नंबर, साल, मालक, सगळं जपलेलं. आणि ज्या दिवशी एका माणसाची गरज होती त्या दिवशी कायद्यानं ज्यांच्या बंदुका गुन्हा ठरवल्या होत्या त्यांच्या बंदुका चालल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गुन्हा.

मी बरेच दिवस असं समजत होतो की नाव बंदुकीसोबत येतं. कोरेगावच्या २२ जणांच्या हाती बंदूक होती म्हणून त्यांची नावं दगडावर, आमच्या आज्याच्या हाती डबा होता म्हणून तो चौकटीबाहेर. पण विचार केल्यावर हे चुकीचं वाटू लागलं. कोरेगावच्या शिपायांची नावं उरली कारण ते पलटणीच्या पगारपत्रकात होते. ज्याला पगार द्यायचा त्याचं नाव लिहावं लागतं. मेला तर कोण मेला हे कळावं लागतं. वेठीचं तसं नाही. वेठीला असामी मोजतात, नावं लिहीत नाहीत. रायफलीला वही होती, कारण तिची किंमत कोणीतरी दिली होती. हाकेवाल्याला वही नव्हती, कारण त्याची किंमत द्यायचीच नव्हती.

हे मला महत्त्वाचं वाटतं, मित्रहो. कारण आपल्यातले काही तरुण बंदुकीच्या प्रेमात पडतात. हाती हत्यार आलं की इज्जत येते असं त्यांना वाटतं. इज्जत हत्यारानं येत नाही. ती तुमच्या श्रमाचा हिशोब कोणालातरी ठेवावा लागला की येते. मग तो हिशोब पगारपत्रकात असो, सातबाऱ्यावर असो, की मतदारयादीत. बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिलं, त्याच्या २३ व्या कलमानं वेठबिगार बंद केली. आज्याच्या पाठीवरच्या चार छिद्रांचा खरा जबाब ते कलम आहे.

पण कलम आलं म्हणून मचाण लगेच उतरलं नाही. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं शिकार चालूच होती. नागपुरात अॅल्विन कूपर नावाची कंपनी परदेशी गिऱ्हाइकांना शिकारीला न्यायची. डॉलरवाले आले, रायफली आल्या, हाका तोच. वाघ संपत आले तेव्हा कुठं १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव कायदा झाला. १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. पण वाघ कोणी संपवला? मचाणावरच्यांनी. आणि वाचवण्यासाठी गाव कोणाचं उठलं? डबा वाजवणाऱ्यांचं. बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं डोंगरातून उठून अकोट तालुक्याच्या सपाटीवर आली. ज्यांच्या आज्यांनी वाघ काढून दिला त्यांच्याच नातवांना सांगितलं गेलं की तुमच्यामुळं वाघाला त्रास होतो.

आणि २०१८ ची गोष्ट तर ताजी आहे. पांढरकवडा-राळेगावच्या रानातली टी-१ वाघीण. १३ माणसांचा बळी तिच्या नावावर. खाजगी शिकारी आणला, नोव्हेंबरात तिला गोळी घातली. देशभर गदारोळ झाला. वाघिणीचं नाव अवनी, हे साऱ्या देशाला पाठ. ज्यानं गोळी घातली त्याचं नाव पेपरात. त्या १३ माणसांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं? मलाही आठवत नाही. शेतात गेलेली, गुरं चारायला गेलेली माणसं. तेरा असामी.

आता कायद्याच्या दोन गोष्टी, कार्यकर्त्यांनी टिपून ठेवाव्यात अशा. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागायची सोय आहे. रोही आणि रानडुक्कर पीक खातात ते काही जात बघून खात नाहीत, पण आपल्या गावात असे परवाने कोणाकोणाकडं आहेत ते एकदा मोजा. आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. तिसरा नियम वाचा. अत्याचारप्रवण भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे हत्यार परवाने रद्द करणं, बेकायदा हत्यारं जप्त करणं, आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने देणं, हे त्यात लिहिलेलं आहे. १८७८ साली ज्या कायद्यानं बंदूक वाटली तो रंग बघून वाटत होता. १९९५ चा नियम निदान कागदावर उलटा चालतो. मी बंदुका मागा असं म्हणत नाही. परवान्यांची यादी मागा. यादी आली की गावातली सत्ता कोणाच्या खांद्यावर टांगलेली आहे ते आपोआप दिसतं.

मी वाड्याला दोन पानं लिहून दिली होती. खोटं सांगत नाही, दिली होती. पहिल्या पानावर रायफलीची माहिती: बोअर, बनावट, नंबर. दुसऱ्या पानावर आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या हाकेवाल्यांची नावं. म्हाताऱ्या बायांना विचारून विचारून काढली. अकरा मिळाली. पहिलं नाव आज्याचं. खाली लिहिलं, या रायफलीनं जे जनावर मारलं ते या माणसांनी तिच्यासमोर आणून उभं केलं.

नातवानं वाचलं. पोरगा वाईट नाही. खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, पहिलं पान ठेवतो. दुसरं... गिऱ्हाइकाला चालणार नाही."

मी दोन्ही पानं परत घेतली. मानधन घेतलं नाही.

अकरा नावं मी इथं छापत नाही, कारण सगळ्यांच्या घरच्यांना अजून विचारून झालेलं नाही. विचारून झालं की छापू. तोवर तुमच्याकडं काम देतो. नरनाळ्याच्या पायथ्याला, अचलपूर, धारणी, चिखलदऱ्याच्या बाजूला तुमची गावं आहेत. घरात नव्वदीला टेकलेलं कोणी असेल तर आजच बसा त्यांच्याजवळ. विचारा: हाक्याला कोण जायचं? कोणाच्या निरोपावर? मजुरी किती ठरायची आणि हातात किती यायची? कोण जखमी झालं, कोण मेलं? थांब्यावर कोण बसायचं? कोरकूंपैकी कोण होतं? नाव, गाव, नातं लिहा. साल आठवत नसेल तर दुष्काळाच्या, लग्नाच्या, पुराच्या खुणेनं लिहा. एक साधी वही करा.

लंडनच्या बंदूकवाल्यानं शंभर वर्षं वही जपली म्हणून रायफलीला इतिहास आहे. आपण दहा वर्षं जपली तरी पुष्कळ होईल. वहीच्या पहिल्या पानावर त्या फोटोतले दोन पाय लिहा. कोणाचे ते शोधायचे आहेत.

जयभीम.